माठातलं पाणी, 24 अंश

(दृश्य: न्हाणीघर. चाळीसचा पिवळा दिवा. बादलीत उभा थर्मामीटर.)

पुणे. मे महिना. पहाटेचे साडेचार वाजलेत आणि नळाचं पाणी 31 अंशांवर आहे. दुपारी गच्चीवरची टाकी तापली की याच नळाखाली हात धरवत नाही.

फिल्म डेव्हलप करायच्या पावडरीचं कुठलंही पाकीट घ्या, त्यावर एक आकडा असतोच: 20 अंश सेल्सिअस. ज्यांनी तो छापला त्यांच्या नळाला गार पाणी येतं. त्यांना ते जरा कोमट करून घ्यावं लागतं, एवढंच. आपलं गाडं नेमकं उलट्या बाजूला अडतं.

(दृश्य: ओट्यावर फिल्मचा रोल. मागे माठ.)

हा रोल काल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात काढलाय. आंब्याचा हंगाम. पेट्या, पेंढा, पाठीवर पोतं टाकलेले हमाल. छत्तीस फोटो. फिल्म कृष्णधवल, इलफर्डची एचपी फाइव्ह. आतली पट्टी जेमतेम दीड-पावणेदोन मीटरची, पण ती उजेडात एकदा उघडली की सगळं संपलं.

आपण मराठीत म्हणतो, ‘रोल धुवायला टाकलाय’. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला तो धुवून द्यायचा. खरं तर धुणं अगदी शेवटी येतं. त्याआधी जे होतं ते स्वयंपाकाच्या जास्त जवळचं आहे. मापं, वेळ, ढवळणं, आणि आच.

आता पडदा काळा होईल. तुमचा मोबाइल बिघडलेला नाही.

(दृश्य: पूर्ण काळोख. फक्त आवाज: डबीचं झाकण उघडतं, कात्री चालते, प्लॅस्टिकची खरखर.)

दाराच्या फटीत टॉवेल कोंबलाय, खिडकीवर गोधडी टाकलीय. मालिकांमध्ये फोटोग्राफर लाल दिव्यात काम करताना दाखवतात. तो दिवा फोटोच्या कागदासाठी चालतो. आजच्या फिल्मला लाल रंगही दिसतो, त्यामुळे ही दहा मिनिटं काळोखच.

फिल्म एका चक्रीवर चढवायची. दोन्ही तबकड्या आळीपाळीने मागेपुढे फिरवल्या की ती आपसूक आत सरकत जाते. हात कोरडे असले तर. मे महिन्यात, बंद न्हाणीघरात, हात कोरडे?

माझा पहिला रोल इथेच अडकला. घाम आला, फिल्म चिकटली, मी जोर लावला. दोन वेढे एकमेकांना चिकटले आणि तिथे औषध पोचलंच नाही. तो मावसबहिणीच्या लग्नाचा रोल होता. सप्तपदीच्या जागी दुधी डाग. तिला मी कॅमेरा बिघडला असं सांगितलंय. हा व्हिडिओ तिने पाहू नये.

काळोख आहेच, तर एक जुनी गोष्ट सांगतो. 1912. दादरला फाळक्यांचं घर. परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना तेव्हा भोकं नसत. ती घरीच, रात्री, अंधारात पाडावी लागत, आणि हे काम सरस्वतीबाई फाळके करत. रसायनं कालवण्यात त्या होत्या, फिल्म धुण्यातही होत्या. दिवसा चित्रीकरण आणि रात्री घरात हे उद्योग. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. आपल्या पहिल्या कथापटाची फिल्म घरात धुतली गेलीय. मी छत्तीस फोटोंचं कौतुक सांगतोय.

(आवाज: टाकीचं झाकण घट्ट बसतं. दिवा लागतो.)

चक्री आता टाकीत बंद आहे. ही टाकी म्हणजे प्लॅस्टिकचा काळा डबा. झाकणातून पाणी आत जातं, उजेड जात नाही. इथून पुढे सगळं उजेडात.

आणि इथून पुढे माठ.

(दृश्य: माठावरून हात फिरतो. बोटं ओली होतात.)

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं औषध, 20 अंशांवर आणणं अवघड नाही. औषध 31 चं, फ्रीजचं पाणी 9 चं, दोन्ही सारखं घेतलं की मिश्रण 20 च्या आसपास येतं. पण ते तिथे टिकायला हवं. या डेव्हलपरला, आयडी-11 ला, निम्मं पाणी घालून 20 अंशांवर 13 मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात डबा तापत राहतो. बर्फ टाका, काढा, पुन्हा टाका. मी दोन उन्हाळे हा खेळ केला. मग सोडून दिला.

पुण्याच्या कोरड्या हवेत, फडकं गुंडाळलेल्या माठातलं पाणी पहाटे 24 अंशांवर येतं आणि तिथेच राहतं. 24 ला हेच काम साधारण 9 मिनिटांत होतं. पाच मिनिटांच्या खाली गेलं तर फिल्मवर पट्टे उमटायची भीती. नऊ म्हणजे निवांत. तेव्हा 20 चा हट्ट कशाला? कोकणात मात्र हे जमेलच असं नाही. हवा दमट, माठ पाझरला तरी पाणी उडून जात नाही, मग गार कसं होणार? तिथे फ्रीजच बरा.

(दृश्य: घंगाळात माठाचं पाणी. त्यात औषधांच्या बाटल्या आणि टाकी.)

145 मिलीलिटर डेव्हलपर, 145 पाणी. एका रोलला 290 पुरतं. ओतलं. डबा उलटा, सुलटा, चार वेळा, दहा सेकंदांत. मग फरशीवर हलकेच आपटायचा, फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. पुढच्या प्रत्येक मिनिटाला पुन्हा चार वेळा.

आत काय चाललंय? फिल्मवर जिलेटिनचा थर आहे आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. ज्या कणावर उजेड पडला, त्यात चांदीचे मोजके अणू आधीच सुटे झालेले असतात. डेव्हलपर नेमका तोच कण धरतो आणि अख्खा कण चांदीचा करून टाकतो. निगेटिव्हमधला काळा रंग म्हणजे चांदी.

नऊ मिनिटं झाली. डेव्हलपर बाहेर. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पातळ करून आत. ते डेव्हलपरला जागीच थांबवतं. मग फिक्सर, ज्याला जुने स्टुडिओवाले हायपो म्हणतात. तो उरलेले क्षार विरघळवतो.

किती वेळ? मी घड्याळ नंतर बघतो.

(दृश्य, अगदी जवळून: वाटीत फिक्सर. त्यात फिल्मच्या टोकाचा, कापून ठेवलेला तुकडा.)

हे बघा. तुकडा राखाडी, अपारदर्शक. आता कडा फिकट व्हायला लागल्या. मध्ये दह्यासारखं एक ठिपकं उरलंय... गेलं. आता खालची वाटी दिसतेय. दीड मिनिट लागलं. म्हणजे रोल तीन मिनिटं ठेवायचा, दुप्पट.

जुन्या कृतींमध्ये फिक्सरला तुरटी घालायला सांगितलेली असते, तीच आपली दाढीची तुरटी. गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, नखानेही ओरखडतं. तुरटीने ते घट्ट होतं. मी घालत नाही. मग फिल्म फार वेळ धुवावी लागते, आणि आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं.

धुण्यासाठी तीनदा टाकी भरायची. पहिल्या पाण्यात पाच वेळा उलटसुलट, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात वीस. लिटरभर पाणीही लागत नाही. फक्त तेही 24 चंच हवं. गार औषधातून काढून एकदम तापल्या नळाखाली धरली, तर जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात. त्या पुसून जात नाहीत.

वापरलेला हायपो मोरीत ओतायचा नाही. त्यात चांदी उतरलेली असते. एक्स-रेवाल्यांकडून तो विकत नेणारे लोक असायचे, ते काय उगाच?

शेवटचं बुचकळणं डिस्टिल्ड पाण्यात, गाडीच्या बॅटरीत घालतात त्या. आमचं बोअरचं पाणी वाळलं की प्रत्येक चेहऱ्यावर पांढरा ठिपका ठेवून जातं.

(दृश्य: झाकण उघडतं. ओली फिल्म चक्रीवरून सुटते. खिडकीत उजाडलंय.)

कपड्यांच्या दोरीला वर एक चिमटा, खाली वजनाला दुसरा. आंबे काळपट दिसतायत, हमालाचा काळा सदरा पांढरा. अकराव्या फोटोत मान वळवलेला एक म्हातारा आहे. तो मी काढल्याचं मला आठवतही नाही.

“माठ कोणी रिकामा केला?” स्वयंपाकघरातून आई.

“मी, आई. भरून ठेवतो.”

“आत्ता भरलेलं पाणी गार व्हायला संध्याकाळ होईल. आणि पंखा का बंद आहे?”

“धूळ बसेल फिल्मवर. दोन तास तरी लावू नकोस.”

(दृश्य: थांबलेला पंखा. खाली, दोरीला लटकलेली फिल्म जराशी हलते. आई पेपरने वारा घेतेय.)