हौशी माणसाच्या बॅगेत काय राहावं

मंडळी, सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे सध्या मला जो तो विचारतो, ‘आता कोणती लेन्स घेऊ?’ मी उलट विचारतो, घरी काय काय आहे? मग यादी सुरू होते. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ (हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), सवलतीत मिळाली म्हणून घेतलेली ७०-३००, मित्राने आग्रह केला म्हणून घेतलेली ५० मिमी, पक्ष्यांच्या वेडात घेतलेली १५०-६००, दोन ट्रायपॉड, एक फ्लॅश, जुनी बॉडी (म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा) आणि वडिलांचा फिल्मचा कॅमेरा. यातलं निम्मं ‘असू दे, लागेल कधीतरी’ या नावाखाली कपाटात बसलेलं असतं. आज मला त्या ‘असू दे’बद्दल बोलायचं आहे.

लग्नाचे फोटो काढणारा माणूस दोन बॉडी गळ्यात घालून फिरतो, कारण मंगलाष्टकं कुणी त्याच्यासाठी पुन्हा म्हणणार नाही. एक कॅमेरा बंद पडला तरी काम थांबता कामा नये. त्याची बॅग गिऱ्हाइकाच्या गरजेने भरते. आपण हौशी माणसं. आपला फोटो हुकला तर कुणाचं काही अडत नाही, पण आपल्याकडे सकाळी मोजक्याच असतात. नोकरी, मुलांच्या शाळा, घरातली कार्यं यातून उरलेली एखादी रविवारची पहाट. म्हणून मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावतो: हिच्यामुळे मी घराबाहेर पडतो, की हिच्यामुळे निघायला उशीर होतो?

याचं उत्तर आपल्या आठवणीतून शोधू नका, आठवण महागड्या वस्तूच्या बाजूने बोलते. उत्तर तुमच्या फोटोंमध्येच लिहिलेलं आहे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंथ, अॅपर्चर (लेन्स किती उघडी होती), शटर (ते किती वेळ उघडं होतं), तारीख, वेळ अशी सगळी माहिती साठवतो. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये ती गाळून पाहता येते, आणि डिजीकॅम हे तसंच सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. मात्र सगळे फोटो मोजू नका. पक्ष्यांच्या मागे लागलं की एका सकाळीच हजारभर फ्रेम होतात आणि हिशोब बिघडतो. जे फोटो तुम्ही छापून घेतले, भिंतीवर लावले, आप्तांना आवर्जून पाठवले, तेवढेच वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि ते कोणत्या फोकल लेंथचे आहेत ते पाहा. बहुतेकांच्या बाबतीत ते दोन ठिकाणी गोळा झालेले दिसतात. एखाद्या लेन्सचं त्या फोल्डरमध्ये नावच नसेल, तर तिच्याविषयी गंभीरपणे विचार करायची वेळ आली आहे. जुन्या, पूर्णपणे हाताने फिरवायच्या लेन्सची नोंद कॅमेरा आपोआप करत नाही, तेवढी सवलत तिला द्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. नाशिकमध्ये ज्याचा जीव गोदाघाटात, पंचवटीत, भांडी बाजारात आणि सराफ बाजाराच्या गल्ल्यांत रमतो, त्याने ३५ मिमी एफ १.८ सारखी छोटी लेन्स कधीही विकू नये (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते). आपल्यातल्या बहुतेकांच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा सेन्सर एपीएस-सी असतो, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान. त्यावर ३५ मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण ५२ मिमी, गल्लीत समोरच्या माणसाशी बोलत बोलत फोटो काढता येईल इतकं अंतर. आणि प्रकाशाचा हिशोब पाहा. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, ३५ मिमीला साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते. १.८ वर त्याच्या सहापट प्रकाश आत येतो. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर इथे साठावा पुरतो. एक दहांशात माणूस हलतो, एक साठांशात त्याचा चेहरा मिळतो. या लेन्सचं वजन इतकं कमी असतं की ती घेऊन जायची की नाही असा प्रश्नच उभा राहत नाही.

नांदूर मधमेश्वरचं गणित वेगळं आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ती पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, आणि हिवाळ्यात तिथल्या मनोऱ्यावर लांब लेन्स घेतलेली माणसं दिसतात. तिथे चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या बऱ्याच अंतरावर असतात. ३०० मिमीत पक्षी ओळखता येतो, ६०० मध्ये त्याचा डोळा दिसतो. म्हणजे त्या लेन्सला पर्याय नाही, हे मी मान्य करतो. पण ती दोन किलोच्या आसपास भरते, आणि तिचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जो त्या महिन्यांत सवड मिळाली की पहाटे निफाडच्या रस्त्याला लागतो, त्याने ती ठेवावी. हवं तर बाकी सगळं विकून ठेवावी. जो वर्षातून एकदा पाहुण्यांना रोहित दाखवायला जातो, त्याने ती भाड्याने घ्यावी.

रंगपंचमीला नाशिकमध्ये रंगाच्या पाण्याने भरतात त्या रहाडींचे, म्हणजे जुन्या हौदांचे, फोटो काढणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. शनी चौकात किंवा तिवंध्यात रंगाचं पाणी सगळीकडून येतं. तिथे लेन्स किती तीक्ष्ण आहे यापेक्षा तिच्या माउंटभोवती (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथे) रबराची कडी आहे का, हे आधी पाहा. स्वस्त लेन्सवर ती बहुधा नसते. आणि बॉडी सीलबंद नसेल तर एकट्या लेन्सची कडी पुरत नाही. सिंहस्थातही तेच. गर्दीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ घेणं, म्हणून तिथे एकच झूम लावून ठेवणारा माणूस सुखी असतो. ती झूम तुमच्या घरी बहुधा आहेच.

ट्रायपॉड लोक सर्वात आधी विकतात, कारण तो जड. माझं मत उलट आहे: दोनांपैकी हलका, डळमळणारा काढून टाका आणि जड ठेवा. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि कुंडीत वाटाणे पेरून, त्यांचं उगवणं महिनाभराहून अधिक काळ टिपलं. त्यातून तयार झालेला चित्रपट जेमतेम मिनिटभराचा होता. एक कॅमेरा, एक कुंडी आणि एका जागी टिकून राहण्याची तयारी. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिव्यांचा फोटो घ्यायचा असेल तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) कमी ठेवून काही सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, आणि तिथे वाऱ्याने हलणारा ट्रायपॉड असून नसल्यासारखाच.

आतमध्ये आरसा असलेला डीएसएलआर सोडून बिनआरशाचा मिररलेस घेणाऱ्यांचा पेच आज सगळ्यात मोठा आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा; दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी नवा माउंट आणला. अडॅप्टर लावून जुन्या लेन्स चालतात, कारण नव्या कॅमेऱ्यात लेन्सपासून सेन्सरचं अंतर कमी आहे आणि मधल्या जागेत अडॅप्टर बसतो. निकॉनमध्ये ते अंतर ४६.५ मिमीवरून १६ मिमीवर आलं. मात्र निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, ती बॉडीत असायची. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही ती नाही, त्यामुळे तिथे फोकस हाताने करावा लागतो. घाटावरच्या दगडी कमानींसाठी चालेल, धावणाऱ्या नातवासाठी नाही. माझा आग्रह असा की दोन माउंट घरात नांदवू नका. दोन चार्जर, दोन प्रकारच्या बॅटऱ्या, आणि निघताना नेमकी हवी ती लेन्स दुसऱ्या बॉडीची. एक बाजू निवडा. जुनी बॉडी चांगले फोटो देत असेल तर जुनीच निवडा, त्यात काहीही कमीपणा नाही.

ठेवण्यालाही खर्च असतो, हे आपण विसरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, त्यात बंद कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी काचेवर पसरते आणि वेळीच साफ केली नाही तर वरचं कोटिंग कायमचं खराब करते. चामड्याची पिशवी सर्वात वाईट, ती ओल धरून ठेवते. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा, किंवा हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून ते रंग बदलल्यावर तापवून वाळवा. हे सगळं चार लेन्सचं करणं होतं, चौदांचं होत नाही. महिना-दोन महिन्यांतून प्रत्येक लेन्स बाहेर काढून उजेडात वापरणं हा त्याहून चांगला उपाय, पण तेवढ्या सकाळी कुठे आहेत?

वडिलांच्या कॅमेऱ्याला मात्र हे नियम लावू नका. तो वापरासाठी ठेवायचा नसतो. फक्त आतली बॅटरी काढा, ती गळून आतले भाग खाते. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक कॅमेऱ्यांचा लाइट मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा. ती आता मिळत नाही, आणि १.५ व्होल्टची घातली की मीटर चुकीचं दाखवू शकतो. कधी रोल घालावासा वाटला तर प्रकाश मोबाइलच्या अॅपवर मोजा.

जे द्यायचं ठरेल ते लवकर द्या, कारण डीएसएलआरच्या सामानाची किंमत थांबून वाढणारी नाही. विकताना शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) आपणहून सांगा, लेन्समधून टॉर्च मारून घेणाऱ्याला आतली काच दाखवा. बॉडी कुणा विद्यार्थ्याला देणार असाल तर नुसती देऊ नका. तिच्यासोबत ती १८-५५, चार्जर, चांगली बॅटरी आणि एक कार्ड द्या, म्हणजे त्याला त्याच दिवशी बाहेर पडता येईल. काहींनी येताना आपापल्या बॅगा आणल्या आहेत असं दिसतंय. त्या इथे टेबलावर उघडू, आणि एकेक वस्तू हातात घेऊन बोलू.