खुंटी

[दृश्य: धाब्याचं घर, आतली अंधारी भिंत, एक लाकडी खुंटी]

चोपडा तालुक्यातलं हे घर. या खुंटीवर आक्का कापूस वेचायची झोळी टांगायच्या, वर्षानुवर्षं. बघा आता.

[आक्का टाचा उंचावतात. हात खुंटीच्या खालीच राहतो.]

"मना हात आते खुटीले पुरत नही."

घरच्यांना वाटलं, वय झालं. आम्ही टेप लावली. दवाखान्याच्या एका जुन्या कागदावर उंची होती १५३ सेंटीमीटर. आज भरली १४८. पुढे एक्स-रे निघाला, त्यात पाठीचे दोन मणके चेपलेले दिसले. आक्का कुठे पडल्या नव्हत्या, घसरल्या नव्हत्या. कंबर दुखायची, त्या वीट गरम करून शेक घ्यायच्या. मणक्याची बरीचशी फ्रॅक्चर अशीच होतात, कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

[दृश्य: आक्कांची बोटं, परातीत कळण्याचं पीठ]

ही बोटं आमवाताची आहेत. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तासभर मूठ वळत नाही. भाकरी आता सून थापते, आक्का नुसतं पीठ मळून देतात, तेही तळहाताने.

सांधे सुजलेले दिसतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष सांध्यांकडे. हाडाचं काय चाललंय हे पाहायला मात्र धाब्यावर चढावं लागेल.

[दृश्य: धाब्यावर माती टाकणारे गडी, खालून वर घमेली]

पावसाच्या आधी धाब्यावर हे काम चालतं. मागच्या वर्षीची भेगाळलेली माती खरवडायची, नवी पसरायची, पाणी शिंपडून चोपायची. खरवडणारे वेगळे, चोपणारे वेगळे. जेवढं खरवडलं तेवढं भरलं, तर घर गळत नाही.

हाडातही असंच चालतं, जन्मभर. एका जातीच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवं बांधतात. आमवातात अंगात जी सूज असते, तिच्यातून निघणारी रसायनं या कुरतडणाऱ्या पेशींची संख्या वाढवतात. म्हणजे खरवडणारे चाराचे आठ झाले.

[गडी शिडीवरून उतरतात. धाबा अर्धा उघडा.]

आणि आता चोपणारे गडीच घरी पाठवले, तर? आमवातासाठी आक्का घेत होत्या ती स्टेरॉइडची गोळी नेमकं हेच करते. बांधणाऱ्या पेशी कमी होतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. मणके आतून जाळीदार असतात, म्हणून सगळ्यात आधी तेच खचतात. यातली सर्वांत वेगाची झीज पहिल्या काही महिन्यांत होते, गोळीने बरं वाटत असतं नेमकी तेव्हा.

[दृश्य: देव्हाऱ्याशेजारचा पत्र्याचा डबा, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या]

या गोळीला शिव्या द्यायला आम्ही आलेलो नाही. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेन्च यांनी आमवाताच्या एका रुग्ण बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं, आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये या कामाला नोबेल मिळालं. आक्काही पहिल्या आठवड्यात शेतात गेल्या होत्या. पुढे गाल भरले, अंग भरलं. शेजारणी म्हणाल्या, गोळी मानवली हो आक्कांना! तो गोळीचाच दुष्परिणाम होता. चिठ्ठी मात्र तीच जुनी. दुकानात दाखवायची, पट्टी आणायची. चार वर्षं. या चार वर्षांत हाडांबद्दल त्यांना एकदाही कुणी विचारलं नाही.

विचारायचं कधी, हे ठरलेलं आहे. रोज अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, तीन महिन्यांवर चालणार असेल, तर हाडांचा धोका सुरुवातीलाच तपासायचा. आणि हे पाहून कुणी गोळी एकदम बंद करू नका. शरीराला तिची सवय झालेली असते, अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं. कमी करायची ती डॉक्टरांच्या हाताने, पायरीपायरीने.

[दृश्य: तापीचा पूल, मोटारसायकलवर मुलगा आणि मागे आक्का]

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी जळगावला. शिबिरात टाचेला यंत्र लावतात ते नुसतं चाळण लावण्यापुरतं, निदान या तपासणीत होतं.

[दृश्य: पलंगासारखं यंत्र, वरून सरकणारा हात]

दुखत नाही, सुई नाही. पंधरा मिनिटं पडून राहायचं. आकडा उणे अडीच किंवा त्याखाली आला, तर हाडं ठिसूळ. आक्कांचा उणे ३.१. शेजारच्या खोलीत ड जीवनसत्त्वासाठी रक्त घेतलं, तेही कमीच निघालं. बाहेर मे महिन्याचं ऊन, पारा ४४ वर! पण दुखणारं माणूस दिवसभर ओसरीच्या आतच असतं.

खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, अंथरूण, आणि पुष्कळांचं पूर्वीसारखं चालणं संपतं. शेजारच्या गल्लीत असं एक घर आहे. तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही.

[दृश्य: पहाट, ओटा, तांब्याभर पाणी]

आक्कांच्या आता आठवड्याच्या दोन गोळ्या आहेत. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी, गुरुवारी. ती चुकून रोज घेतली तर विषासारखी बाधते, म्हणून सुनेने डब्यावर कोळशाने वार लिहिलाय. दुसरी हाडांची, ॲलेंड्रोनेट, बाजाराच्या दिवशी. अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजून निघते. कॅल्शियमची गोळी नंतर, जेवणासोबत.

[आक्का ओट्यावर ताठ बसलेल्या. आतून स्टोव्हचा आवाज.]

सहा वाजून दहा मिनिटं. सून चहा ठेवते आहे. आक्का घड्याळाकडे बघतात. अजून वीस मिनिटं.