ह्यो कागद कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

एक मेचा दिवस डोळ्यांपुढे आणा. झेंडा फडकला, महाराष्ट्र गीत झालं, गोळ्या-बिस्किटं वाटून झाली. आता पोरांचं सगळं लक्ष गुरुजींच्या टेबलावरच्या गठ्ठ्याकडे. त्यात प्रगतीपत्रकं आहेत. हातात कागद पडला की पोरगं धावत फाटकापाशी उभ्या असलेल्या बापाकडे जातं, आणि बाप विचारतो, "पास झाला न्हवं?" आई मागून विचारते, "नंबर कितवा आला?"

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. हे दोन प्रश्न मी दरवर्षी ऐकले. गंमत अशी, की या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर नसतात. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. पुढे 2019 मध्ये त्या कायद्यात बदल झाला, आणि आपल्याकडे 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात मागे पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षा देता येते, तिथेही जमलं नाही तर ते त्याच वर्गात राहतं. पण पहिली ते चौथीच्या पालकांनी 'पास का' हे विचारण्यात अर्थ नाही. नंबर तर त्या पत्रकावर नसतोच.

मग गावात बोललं जातं, "आता काय, परीक्षाच नाही!" हे मात्र साफ चूक. उलट आता मास्तरच्या मागे वर्षभर परीक्षा लागली. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन असं भारदस्त नाव आहे त्याला. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण वर्षभर पाहून द्यायचे: मूल तोंडी काय सांगतं, वहीत काय लिहितं, प्रकल्प कसा करतं, गटात कसं वागतं. त्याला आकारिक मूल्यमापन म्हणतात. उरलेले तीस सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, ते संकलित. तिसरी-चौथीला साठ आणि चाळीस. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना तर लेखी पेपरच नाही. प्रत्येक विषयाच्या गुणांची बेरीज होऊन त्याची एक श्रेणी निघते. 91 च्या पुढे अ-1, 81 ते 90 अ-2, मग ब-1, ब-2 अशी उतरंड.

श्रेणीबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ती खोटी नसते, पण मुकी असते.

कशी, ते बघा. दुसरीतल्या मुलाला मी सांगितलं, "त्रेसष्ट लिही." त्याने लिहिलं 36. चूक? चूकच. पण त्या लेकराने ऐकलं काय? 'त्रे' आधी, 'सष्ट' नंतर. तीन आधी ऐकला, तीन आधी लिहिला. आपल्या मराठीत बोलताना एकक पुढे असतो आणि लिहिताना दशक पुढे. त्यात 'एकोणतीस' म्हणजे आणखी पंचाईत. कानावर 'तीस' पडतो आणि पोरगं 39 लिहून मोकळं होतं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वर्तमानपत्रांतून, सभागृहातून टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने समजावत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, नवी जोड दिली आहे. पहिली-दुसरीला शिकवलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आम्ही हेच वर्गात चोरून करत होतो!

दुसरं उदाहरण वजाबाकीचं. 52 वजा 38. उत्तर 14. तिसरीतली निम्मी पोरं 26 लिहितात. का? दोनातून आठ जात नाहीत म्हटल्यावर ती आठातून दोन काढतात. सहा. मग पाचातून तीन गेले, दोन. झाले 26. म्हणजे वजाबाकी येते, दशक सुटा करता येत नाही. त्या मुलाला पहिल्या पानापासून सगळं गणित पुन्हा शिकवायची गरज नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्यावेत, एक गठ्ठा सोडायला लावावा. काही दिवसांत गाडी रुळावर येते. पण पत्रकावर काय येतं? गणित, ब-2. त्या ब-2 मध्ये काड्यांचा गठ्ठा कुठे दिसतो?

वाचनाचंही तेच. बिनकान्यामात्र्याचे शब्द, मग काना, वेलांटी, उकार, मात्रा, इथवर बहुतेक पोरं येतात. अडतात ती जोडाक्षरांपाशी. 'सूर्य'मधला रफार डोक्यावर, 'चक्र'मधला र पोटात, 'राष्ट्र'मधला पायाशी. तीन ठिकाणी एकच र! परिसर अभ्यास तिसरीपासून सुरू होतो, तेव्हा जोडाक्षरं न येणारं मूल तिथेही मागे पडतं. घरी मात्र समज होतो, की याला भूगोलात गती नाही.

म्हणून पत्रकात श्रेणीशेजारी शब्दांत लिहायच्या नोंदी ठेवल्या आहेत. विशेष प्रगती. आवड, छंद. सुधारणा आवश्यक. खरं प्रगतीपत्रक ते. आणि नेमकी तीच जागा आम्ही मास्तरांनी वाया घालवली.

हे मी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. आमच्याकडे तयार नोंदींच्या याद्या फिरायच्या, आधी झेरॉक्सवर, मग मोबाइलवर. विषयवार, पन्नास-पन्नास वाक्यं. त्यातली उचलायची, एकेकाच्या नावापुढे टाकायची. दोन शिक्षकांची शाळा, प्रत्येकाकडे दोन वर्ग, माहिती भरायची कामं वेगळीच, आणि एप्रिलचं ऊन. सबब खरी होती, काम मात्र खोटं झालं.

तिसरीत एक मुलगा होता, बोलताना अडखळणारा. त्याच्या मराठीपुढे मी लिहिलं, 'प्रकट वाचन स्पष्ट उच्चारात व योग्य आरोह-अवरोहासह करतो.' यादीत चौथ्या नंबरचं वाक्य होतं ते. दोन दिवसांनी त्याची आजी शाळेत आली. तिला अक्षरओळख नव्हती, शेजारच्या मुलीकडून तिने कागद वाचून घेतला होता. पत्रक टेबलावर ठेवून म्हणाली, "गुरुजी, ह्यो कागद कुणाचा? माझा नातू 'आजी' म्हणायच्या आधी तीनदा अडतोय."

मी म्हटलं, "आजी, चुकलं माझं." दुसरं काय म्हणणार?

नवं पत्रक करायला घेतलं, तर लिहायला काही सुचेना. वर्षभर समोर बसलेलं पोर, आणि त्याच्याबद्दल एक खरं वाक्य मला लिहिता येईना. शेवटी त्याच्या वह्या काढून बसलो. चित्रकलेच्या वहीत त्याने पुस्तकातली आख्खी गोष्ट सहा चित्रांत काढली होती, क्रम न चुकवता. मग लिहिलं: 'मनात वाचलेली गोष्ट नीट समजते, चित्रांतून क्रमाने सांगतो. मोठ्याने वाचताना अडखळतो, त्याला घाई करू नये.'

तेव्हापासून मी पालकांना एकच सांगत आलो. श्रेणी बघा, हरकत नाही. पण 'सुधारणा आवश्यक' पुढे 'वाचनाचा सराव करावा' असं काही दिसलं, तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा, "कशाचा सराव? कुठे अडतंय?" वही मागा. ती दाखवायला कुणी नाही म्हणत नाही. आणि उंची, वजन, हजर दिवस हे रकानेही वाचत जा. वर्षभरात पोराचं वजन तसूभर वाढलं नसेल, तर त्याच्या ब-2 चं कारण कदाचित तिथेच असेल. आता नव्या शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतीपत्रक आलं आहे, त्यात मूल स्वतःबद्दल आणि सोबत्याबद्दलही सांगणार आहे. चांगलं आहे. फक्त त्याच्या तयार याद्या निघू नयेत.

आमचा भाग साखर कारखान्यांचा. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, आणि फडाजवळच्या शाळेत नवी पोरं. त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड असायचं, आधीच्या शाळेने दिलेलं, त्यात मूल कुठवर आलं ते भरलेलं. एका वर्षी आलेल्या मुलीच्या कार्डावर नुसत्या श्रेण्या होत्या. ती कुठे आहे हे शोधण्यात माझे पंधरा दिवस गेले, आणि ती शाळेत असणार होती फार तर चार-पाच महिने.

पुढच्या हंगामात दुसरी एक आली. तिच्या कार्डाच्या मागे कुणा अनोळखी बाईंनी निळ्या शाईने लिहिलं होतं: 'हातच्याची बेरीज येते. वजाबाकीत मोठ्यातून लहान काढते. इंग्रजी कविता चालीवर म्हणायला आवडतात. पहिले दोन दिवस बोलणार नाही.'

खरंच, दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी काड्यांचे गठ्ठे घेऊनच तिच्यापाशी बसलो.

नमस्कार.