नेहमीइतका लसूण

(अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून)

उपस्थित ज्येष्ठ मंडळी, मंडळाचे कार्यकर्ते, मित्रमैत्रिणींनो आणि मुलांनो, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यकारिणीने मला "घरातली साठवण" या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा डब्या-बरण्यांच्या आधी मला एक फोटो आठवला, आणि तो मी आज बरोबर आणला आहे. तळहातावर मावेल एवढा, चौकोनी, कृष्णधवल असा हा फोटो आहे. त्यात बार्शीच्या आमच्या घराचे माळवद दिसते. माळवदावर पांढरी धोतरे अंथरलेली आहेत, धोतरांवर कुरडयांच्या ओळी आहेत, भोवती सात बायका बसल्या आहेत आणि कडेला हातात काठी घेऊन कावळे राखणारी एक आठ वर्षांची मुलगी उभी आहे. ती मुलगी म्हणजे मी. फोटोच्या पाठीवर मामाच्या अक्षरात "बार्शी, एप्रिल 74" एवढेच लिहिलेले आहे.

मामाकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, त्यामुळे कशाचा फोटो काढायचा हे आधीच ठरलेले असे. कोणाची मुंज, कोणाचे डोहाळजेवण, कोणी नवे जोडपे. वाळवणाचा फोटो काढण्याची रीत आमच्याकडे नव्हती. तरीही बारांतला एक मामाने कुरडयांसाठी खर्च केला, त्याचे कारण मला मोठेपणी कळले. 1972 साली पावसाने दगा दिला होता आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या माळवदावर एकही धोतर अंथरले गेले नाही, कारण घरात गहूच नव्हता. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला सगळे मिलो म्हणत, आणि तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडत, हे आई पुढे कितीतरी वर्षे सांगत असे. या देशात आल्यावर एकदा कॅन्ससमधून गाडीने जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस कणसांची शेते दिसली, आणि पेट्रोल पंपावरच्या माणसाने त्या पिकाचे नाव मिलो असेच सांगितले, तेव्हा मी काही वेळ गाडीत नुसती बसून राहिले होते. दुष्काळानंतरचा पाऊस बरा झाला, गहू घरात आला आणि 74 च्या एप्रिलात कुरडया पुन्हा झाल्या. मामाने तो फोटो काढला तो त्या आनंदात.

इथे वाढलेल्या मुलांनी कुरडई तळलेलीच पाहिली असेल, म्हणून ती होते कशी हे थोडे सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे. मग ते वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून पिळून त्यांचा चीक काढायचा. हा चीक रात्रभर तसाच ठेवला की सकाळी वर नितळ पाणी येते, ते ओतून टाकून खालचा घट्ट चीक मीठ आणि हिंग घालून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, कारण गार झाला तर तो सोऱ्यातून उतरत नाही. पातेल्याला चिकटलेला चीक आम्हा मुलांच्या वाट्याला येई, त्यावर दूध-साखर किंवा नुसते कच्चे तेल घालून आम्ही तो खात असू. पिळून उरलेला चोथाही फेकला जात नसे, त्यात तिखट-मीठ घालून त्याच्या भुसवड्या वाळत पडत. काम सगळे पहाटेपासून दुपारच्या आत उरकायचे असल्यामुळे एकटीने कुरडया होत नसत. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा मावशींकडे, असे सात-आठ घरांचे वाळवण त्याच सात-आठ बायकांच्या हातांनी होई. फोटोतल्या बायका त्यासाठी जमलेल्या आहेत.

1991 साली मी लग्न होऊन न्यू जर्सीला आले. पहिल्याच हिवाळ्यात घरची चव आठवू लागली, म्हणून आईला पत्र लिहून जवसाची चटणी कशी करायची ते विचारले. तिचे उत्तर एरोग्रामवर आले, निळ्या कागदाच्या घडीच्या कडेपर्यंत भरलेले. "जवस वाटीभर घे, मंद आचेवर भाज, तडतडले की उतरव. पार गार होऊ दे. मग जिरे, तिखट, मीठ आणि नेहमीइतका लसूण घालून भरड कूट." पत्र अजून माझ्याजवळ आहे. नेहमीइतका म्हणजे किती, हे मी तिला पुढे विचारले नाही, कारण ते विचारण्यासारखे आहे असे तेव्हा वाटलेच नाही. आज आई नाही. मी पाच पाकळ्या घालून पाहिल्या, नऊ घालून पाहिल्या, चटणी चांगली होते, पण तिच्या चटणीसारखी होते की नाही हे सांगणारे आता कोणी नाही.

जवसाबद्दल दोन गोष्टी मात्र मी इथे शिकले आणि त्यांमुळे आईच्या कृतीतला शहाणपणा मला जास्त कळला. इथे फ्लॅक्स नावाने जे मिळते ते आपलेच जवस. नॉर्थ डकोटा आणि कॅनडात ते मोठ्या प्रमाणावर पिकते. 100 ग्रॅम जवसात साधारण 27 ग्रॅम तंतू आणि 18 ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्यातल्या स्निग्धांशापैकी निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-3 प्रकारचा असतो. मात्र अख्खे जवस खाल्ले तर त्यातले पुष्कळसे न पचता तसेच बाहेर पडतात, कारण टरफल टणक असते. कुटले की त्याचा उपयोग. पण कुटल्याबरोबर त्यातले तेल हवेच्या संपर्कात येते आणि भराभर खवट होऊ लागते. हवा लागली की घट्ट होणारे हेच तेल रंगारी तैलरंगांत वापरतात, त्यावरून ते हवेशी किती लवकर जुळते याची कल्पना यावी. म्हणून आमच्या घरी चटणी आठ-पंधरा दिवसांपुरतीच होत असे आणि जवस मात्र वर्षभराचे भरून ठेवलेले असत. इथे तयार पूड मोठ्या पिशवीत मिळते. ती आणण्यापेक्षा अख्खे जवस आणावेत, लागतील तेवढेच भाजून कुटावेत आणि चटणीची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, असे मी सगळ्यांना सांगते. तिळाचेही तसेच आहे. बिनपॉलिशच्या, टरफलासकट तिळांत कॅल्शियम कितीतरी जास्त असते, मग ते लाडवात जरा काळे दिसले तरी चालतील.

कारळ्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1998 च्या जूनमध्ये आई आमच्याकडे आली होती. शेजाऱ्यांच्या परसात पक्ष्यांसाठी एक उंच, बारीक भोकांची नळी टांगलेली होती आणि तिच्यावर पिवळेधमक छोटे पक्षी उलटेसुलटे लोंबकळत दाणे काढत होते. तो गोल्डफिंच, 1935 पासून आपल्या न्यू जर्सीचा राज्यपक्षी. आई कुंपणाशी गेली, खाली सांडलेले चार काळे, लांबट, चकचकीत दाणे तिने उचलले, तळहातावर घेऊन नखाने एक फोडला, वास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर कारळं!" खरोखरच ती कारळी होती. इथे ती पक्ष्यांचे खाद्य म्हणून भारतातून आणि इथिओपियातून येतात, आणि त्यांच्यासोबत अमरवेलीसारख्या तणाचे बी येऊन उगवू नये म्हणून आयातीच्या वेळी ती कडक तापवली जातात. ते खाद्य माणसांच्या खाण्यासाठी तयार केलेले नसते, तेव्हा कोणी त्याची चटणी करू नये. कारळे ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांत मिळतात. पण आईने पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी खिडकीशी चहा घेत ते पक्षी पाहिले, आणि परक्या देशात तिला पहिली ओळखीची वस्तू भेटली ती अशी.

आता उरलेल्या अन्नाविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले 60 टक्के घराघरांतून गेले. हॉटेले आणि दुकाने राहिली बाजूला, सर्वात मोठा वाटा तुमच्या-माझ्या ओट्यावरचा आहे. शिळ्या पोळीचा कुस्करा, ज्याला काही घरांत माणिकपैंजण असे सुंदर नाव आहे, ताकात कुस्करलेली शिळी भाकरी, दोडक्याच्या शिरांची चटणी, तूप कढवल्यावर खाली राहिलेल्या बेरीत साखर घालून पोळीशी खाणे, हे सगळे आपण जाणतो. तरीही इथल्या मोठ्या फ्रिजने आपली सवय बिघडवली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आई रात्री झाकण उघडून काय उरले ते पाही आणि त्यावरून सकाळचा बेत ठरे. आपण डबा मागे सरकवतो आणि पुढच्या शनिवारी तो न उघडताच टाकून देतो. मी आता एक कप्पा फक्त उरलेल्या पदार्थांचा ठेवला आहे, डोळ्यांसमोरचा, आणि डब्यावर कागदी पट्टी लावून वार लिहिते.

इथल्या पाकिटांवरच्या "अमुक तारखेपूर्वी उत्तम" अशा शिक्क्यांना आपण फार घाबरतो. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीखेरीज अशी तारीख छापण्याची सक्ती येथील केंद्रीय कायद्यात नाही, आणि बहुतेक वेळा ती तारीख चवीविषयी सांगते, पदार्थ बिघडल्याविषयी नाही. दुसरीकडे, जिथे खरेच जपायला हवे तिथे आपण निर्धास्त असतो. फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात ओट्यावर तसाच झाकून ठेवणे धोक्याचे आहे. तांदळातल्या एका जिवाणूची बीजुके शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

पुन्हा फोटोकडे येते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकांतले ते अल्बम असतील, ज्यांच्या पानांवर चिकट रेघा असतात आणि वर पारदर्शक कागद असतो. ते गोंद काळाने पिवळे पडते आणि फोटोला धरून बसते. फोटो ओढून काढू नका. आधी संपूर्ण पानाचा मोबाइलने फोटो घ्या, म्हणजे मांडणी तरी राहील, मग डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोखालून हलकेच सरकवत तो सोडवा, आणि अजिबात सुटत नसेल तर तसाच राहू द्या. रंगीत फोटोंचे रंग आपोआप विटतात, म्हणून ते आधी स्कॅन करावेत. तळघर आणि पोटमाळा या दोन्ही जागा टाळाव्यात, एकीकडे ओल आणि दुसरीकडे उष्णता. स्कॅन केलेल्या प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत, निदान एक तरी दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे असावी. नावे जुन्या कागदी फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता लिहावीत. नंतरच्या काळातल्या गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढे उठतो, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी करून ती फोटोबरोबर पाकिटात ठेवावी.

मोबाइलमधल्या हजारो फोटोंचे काय, असे मुले विचारतात. आमच्या घरी गेली काही वर्षे आम्ही दिवाळीच्या सुट्टीत वर्षातले बारा फोटो निवडतो, मामाच्या रोलइतके, आणि ते छापून घेऊन पाठीमागे कोण, कुठे, कधी आणि काय चालले होते ते लिहितो. निवडताना वाद होतात आणि त्या वादांतच बरेच काही सांगून होते. वाढदिवसाच्या फोटोंपेक्षा पोळ्या लाटतानाचा, भाजी निवडतानाचा, अंगणात गाडी धुतानाचा फोटो निवडण्याकडे माझा कल असतो.

कुरडयांच्या फोटोतल्या सात बायकांपैकी पाच जणींची नावे मला माहीत आहेत. आई, आजी, थोरली मावशी आणि शेजारच्या दोघी. सहावी, डोक्यावर पदर घेतलेली, जिच्या हातात सोऱ्या आहे, तिला आई "वरच्या आळीतल्या काकू" म्हणे, आणि त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. सातवीचा चेहरा हललेला आहे. मामाही आता नाही.

मागच्या खोलीत मंडळाने आज दोन स्कॅनर मांडले आहेत आणि मदतीला आपले तरुण कार्यकर्ते बसले आहेत. ज्यांनी फोटो आणले आहेत त्यांनी ते जेवणाआधी तिथे द्यावेत, आणि ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे आज सोबत आले आहेत त्यांनी त्यांना शेजारी खुर्ची देऊन नावे विचारून घ्यावीत, आणि फोटोंची झाल्यावर चटणीतल्या लसणाच्या पाकळ्यांचाही आकडा विचारावा. माझा फोटो पहिल्या टेबलावर ठेवते आहे. शेजारी कागद आहे, त्यावर पाच नावे लिहिली आहेत आणि दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. बार्शीकडचे कोणी असतील तर त्यांनी सोऱ्या धरलेल्या काकूंकडे जरा नीट पाहावे. पेन्सिल तिथेच ठेवली आहे.