ओव्याचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मला विषय दिलाय 'कुटुंबातला खरेपणा आणि विश्वास', आणि वेळ दिलाय बारा मिनिटं. त्यातली बरीचशी मी एका तांब्यावर घालवणार आहे. विषयच खरेपणाचा, म्हणून आधी सांगून टाकते. तांब्या सोबत आणलाय. दिसणार नाही तुम्हाला, पण ऐका. (तांब्यावर टिचकी) पितळेचा आहे. एका अंगाला पोचा पडलाय, त्यामुळे सरळ उभा राहत नाही, खाली चुंबळ लागते.

त्याच्याकडे येतेच. आधी माझ्या टेबलाबद्दल.

सदाशिव पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळात मी चौदा वर्षं नोंदणीला बसले. संध्याकाळी पाच ते साडेसात, गुरुवारी बंद. लोक फॉर्मवर खोटं लिहितात असा आपला समज असतो. तसं फारसं कुणी लिहीत नाही. उंची इंचभर वाढते, सावळा रंग निमगोरा होतो, तेवढं चालायचंच. लोक खोटं लिहीत नाहीत, लोक रकाना मोकळा सोडतात. 'पूर्वी साखरपुडा झाला होता का?' मोकळा. 'डोक्यावर कर्ज?' मोकळा. 'नियमित औषधं?' तिथे एक आडवी रेघ. मी त्या रेघेवर बोट ठेवून विचारायची, "म्हणजे नाही म्हणायचं का?" की समोरची आई म्हणायची, "तसं काही विशेष नाही." हा मोकळा रकाना लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता तांब्या.

माझ्या आजीचं लग्न शके १८७१च्या मार्गशीर्षातलं, म्हणजे १९४९ सालचं. आजी वाईची. आजोबा राजापूरकडचे, पुण्यात सरकारी कचेरीत कारकून, नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. आजीच्या वडिलांची एकच अट होती: बिजवर नको. पहिली बायको गेल्यावर दुसरं लग्न करणारा तो बिजवर, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगते. बैठकीत त्यांनी विचारलं, "मुलाचं हे पहिलंच ना?" आजोबांचे थोरले भाऊ म्हणाले, "म्हणजे काय!" आता 'म्हणजे काय' हे उत्तर झालं का? त्यात हो नाही आणि नाहीही नाही. आणि आजोबा तिथेच बसले होते. सुपारी खात.

मग आलं १९६१. १२ जुलै, बुधवार. मुठा नदीकाठच्या पेठांतल्या माणसांना पुढचं सांगायला नको. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तरी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, आणि भर दिवसा पाणी पेठांत शिरलं. लकडी पूल दिसेनासा झाला. आजी तिन्ही मुलांना घेऊन पर्वतीवर गेली. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची. तिला त्या दिवसाचं एवढंच आठवतं, की धाकट्या मामाच्या हातात शेवटपर्यंत लाटणं होतं. का, ते कुणालाच माहीत नाही.

पाणी ओसरल्यावर परत आले तर वाड्याच्या चौकात गुडघाभर चिखल. जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांची अडगळ असायची, तिथे आजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती. "कचेरीचे जुने कागद आहेत," असं ते म्हणत. कुलूप लावलेलं. आजीनं ती कधी उघडली नाही. ती मुठेनं उघडली.

आता चौकात भांड्यांचा ढीग झालेला. सहा बिऱ्हाडांची भांडी एकमेकांत मिसळलेली. बायका चिखलातून एकेक भांडं काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि नाव वाचायच्या. "ही परात कुणाची? हा गडू कुणाचा?" भांड्यांवर नावं होती म्हणून संसार परत मिळाले हो! इथे मला जरा बोलू द्या. हल्ली आपण पत्रिकेवर छापतो, 'कृपया आहेर आणू नये', आणि हातात पाकीट सरकवतो. पाकिटावरचं नाव दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं. भांड्यावरचं नाव चिखलातूनही वाचता येतं. दुकानाच्या पायरीवर बसून टिकटिक करत नाव घालून देणारे ते कारागीर मला फार आवडायचे. असो.

तर शेजारच्या बिऱ्हाडातल्या मावशींनी हा तांब्या उचलला, पुसला आणि मोठ्यानं वाचला. आजोबांचं नाव, आडनाव, पुढे 'व सौ.', आणि एक नाव. ते आजीचं नव्हतं. ते नाव मी रेडिओवर घेत नाही, त्या घरची माणसं असतील राजापूरकडे. खाली, 'लग्नानिमित्त मामांकडून, वैशाख शके १८६८'.

सगळा चौक गप्प. मावशी म्हणाल्या, "अहो, हा तुमचाच दिसतोय, पण हे नाव कुणाचं?"

आणि माझी आजी, जी दूधवाल्याला एक पैसा जास्त गेला तर परत मागायची आणि कमी गेला तर स्वतः नेऊन द्यायची, ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "माझंच. सासरी आधी ते ठेवायचं ठरलं होतं. मग बदललं."

पटण्यासारखंच होतं. लग्नात तांदळावर नाव लिहून बायकोचं नाव बदलायची आपली रीत. मावशी हसल्या, "किती छान होतं, तेच ठेवायचं की!" आणि पुढची परात उचलली. शक कुणी पाहिला नाही. आजीनं पाहिला. पदराखाली बोटं मोजली. एकाहत्तर नाही, अडुसष्ट. तिच्या लग्नाआधी तीन वर्षं.

संध्याकाळी आजोबांचं पान वाढलं तेव्हा पाण्याला हा तांब्या होता. घासूनपुसून लख्ख. आजोबांनी पाहिला आणि हात ताटातच राहिला. आजी म्हणाली, "आज चौकात दहा जणींसमोर मी तुमच्यासाठी खोटं बोलले. आता घरात तुम्ही खरं बोला."

मग बोलले. चोविसाव्या वर्षी लग्न झालं होतं. आठ महिने संसार. विषमज्वर झाला आणि चौथ्या आठवड्यात ती गेली. "मी खोटं बोललो नव्हतो," आजोबा म्हणाले, "मी काहीच बोललो नव्हतो." आजी म्हणाली, "सुपारी खात होतात."

हे सगळं आजीनं मला सांगितलं माझ्या केळवणाच्या दिवशी, २००१ साली, शेवया ढवळता ढवळता. मी विचारलं, "तुला केवढा धक्का बसला असेल ना, आधी बायको होती म्हणून?" तर ती म्हणाली, छे. बायको होती याचं मला काही नाही गं. त्या बिचारीचं आयुष्यच केवढं. मला लागलं ते ओव्याचं.

आता हे ओव्याचं ऐका, कारण आजच्या भाषणात एवढंच आहे.

पितृपक्षात अविधवा नवमी येते. सवाष्ण गेलेल्या बाईची तिथी. दर वर्षी त्या दिवशी आजोबा सकाळी लवकर बाहेर पडायचे. "कचेरीत ऑडिट आहे." जायचे ओंकारेश्वरावर. तिथे गुरुजींकडून पहिल्या बायकोचं करायचे, तिथेच जेवायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, "मला पान वाढू नकोस, पोटात मुरडतंय." की आजी ओवा कुटायची, शेंदेलोण घालायची, कोमट पाण्यात कालवून हातात द्यायची. १९५० ते १९६०, अकरा भाद्रपद. आजी म्हणाली, "अकरा वर्षं मी ओवा कुटला आणि अकरा वर्षं ते तो प्यायले. न दुखणाऱ्या पोटानं."

न दुखणाऱ्या पोटानं, श्रोतेहो. मोठी गोष्ट एकदा लपवली की झालं, असं नसतं. तिची दर वर्षी देखभाल करावी लागते. आणि देखभालीचा खर्च ज्याला फसवलंय त्याच्याच मायेतून वळता होतो.

आजी अकरा दिवस बोलली नाही. स्वयंपाक वेळेवर. निरोप माझ्या आईमार्फत, "वडिलांना सांग, पान वाढलंय." त्यानंतर बोलायला लागली, पण दोन वर्षं त्यांचं काही म्हणजे काही खरं धरलं नाही. डोकं दुखतंय म्हणाले तर कपाळाला हात लावून बघायची. आजोबांनी तेव्हापासून एक सुरू केलं. घरी आले की सदऱ्याचे खिसे कोनाड्यात रिकामे करायचे. बसचं तिकीट, सुट्टे पैसे, किल्ली, एखादी चिठ्ठी. कुणी मागितलं नव्हतं. १९९१ साली गेले तोपर्यंत करत होते. आम्हा नातवंडांची मजा, त्यात लिमलेटची गोळी असायची.

आणि १९६३ साली त्यांचं खरंच पोट दुखलं. आजीनं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या रात्री उचलून दवाखान्यात न्यावं लागलं, अपेंडिक्स निघालं. वाचले. तिथून पुढे आजी त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागली, की भीतीनं तपासायची थांबली, हे मला अजून सांगता येत नाही.

काचेपलीकडून बोटं दाखवताहेत, तीन मिनिटं राहिली. बघा, तांब्यानं वेळ खाल्ला.

कायद्याचं पटकन सांगते, कारण मंडळात मला हे फार विचारायचे. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याचं कलम १२ लक्षात ठेवा. जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट दडवून, फसवून संमती घेतली असेल तर कोर्टाकडून लग्न रद्द करून घेता येतं. 'महत्त्वाची गोष्ट' हे कलमात आलं १९७६च्या दुरुस्तीनं, म्हणजे आजीच्या वेळी तेवढाही आधार नव्हता. पण फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. पुन्हा सांगते, लग्नापासून नाही, कळल्यापासून एक वर्ष. आणि कळल्यावर आपखुशीनं एकत्र नांदत राहिलात तर ती वाट बंद. पुढचं वकिलांना विचारा, मला नाही.

दुसरं, शपथेचं. लग्नात नवरा 'नातिचरामि' म्हणतो. काय म्हणतोय ते त्याला कळत नाही, कारण ते संस्कृतात असतं, आणि त्याच वेळी फोटोवाला ओरडतो, "सर, इकडे बघा." याच पुण्यात १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. त्या पद्धतीच्या लग्नात नवरानवरी एकमेकांना वचनं देतात ती मराठीत. समजलेलं वचन मोडताना निदान आवाज तरी होतो. माझ्या मुलीच्या लग्नात मी हे सुचवलं, तर व्याही म्हणाले, "मुहूर्त टळेल." असो.

तिसरं, फोन. माझी मुलगी आणि जावई एकमेकांना दिवसभर लाइव्ह लोकेशन पाठवतात. नकाशावर निळा ठिपका. मी म्हटलं, आजोबाही खिसे रिकामे करायचेच की. मुलगी म्हणाली, तेच तर. मी म्हटलं, तेच नाही, आजी कोनाड्याकडे बघायची नाही. तू दर दहा मिनिटांनी बघतेस. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नवरा-बायकोनं एकमेकांचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल. पण त्याच निकालात हेही आहे, की पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली, तर ते नातं मोडल्याचंच लक्षण आहे. ठिपका बघणं पाळतीत मोडतं का, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

आणि तांब्याचं राहिलंच. त्या वर्षीपासून अविधवा नवमी घरात व्हायला लागली. आजी स्वतः रांधायची आणि सवाष्ण म्हणून बोलवायची त्याच शेजारच्या मावशींना. हे कुणाचं, असं मावशींनी कधी विचारलं नाही. सासूबाईंचं असावं असं त्यांना वाटलं असेल. आजीनंही सांगितलं नाही. तिथे तिनंही रकाना मोकळा सोडला.

मावशींच्या डोक्यात मात्र तांब्यावरचं ते नाव पक्कं बसलं होतं. त्या आजीला गमतीनं त्याच नावानं हाक मारायच्या. जिन्यातून, नळावरून, मंडईतून येताना. आजोबा घरात असले तर 'केसरी' चेहऱ्यापर्यंत वर करायचे. आजी 'आले आले' म्हणायची आणि जायची.

पुढे वाडा पडला, मावशी कोथरूडला गेल्या. २००४ साली आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्या काठी टेकत भेटायला आल्या. आजीला त्या वेळी माणसं ओळखू येत नव्हती. माझ्या आईलाही विचारायची, "तुम्ही कोणाकडच्या?" मावशींनी दारातूनच ते नाव घेऊन हाक मारली.

आजीनं 'ओ' दिली.

नमस्कार.