पाऊस शतकभर हटतो तेव्हा

[दृश्य : कान्हेरी लेणी, मे अखेर. कॅमेरा स्तूपावरून खाली, लेण्याच्या दाराशी येतो.]

कान्हेरीला आलेला माणूस वर बघतो. मूर्ती, स्तूप, खांबांवरची नक्षी. आपण जरा खाली बघूया. ओट्याच्या बाजूला कातळात हे चौकोनी तोंड दिसतंय ना, ती पोढी. पावसाच्या पाण्याचं टाकं. इथं शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेकांच्या दाराशी असं एखादं टाकं आहेच. उतारावर छिन्नीनं पन्हळी खोदल्यात. धो-धो पावसात कातळावरून पळणारं पाणी त्या अडवतात आणि टाक्यात आणून सोडतात. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी भिक्खूसंघाला लेणी दान दिली, तेव्हा शिलालेखांत लेण्याच्या जोडीनं पोढीचीही नोंद केली. नुसतं छप्पर देऊन भागणार नाही, हे दान देणाऱ्याला ठाऊक होतं.

मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बाकीचे आठ महिने साठवणीवर काढायचे. भिक्खूंचं हे गणित आजच्या महापालिकेलाही चुकलेलं नाही. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. सातही तलाव काठोकाठ भरले की साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी जमतं. शहराला रोजचा पुरवठा चार हजार दशलक्ष लिटरच्या जरा खाली. भागाकार करून बघा, वर्षभराची बेगमी होते. म्हणून तर जून कोरडा गेला की पेपरात पाणीकपातीची बातमी येते आणि सोसायटीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळा बदलतात.

टाकं असो की धरण, ते या पावसाळ्यातून पुढच्या पावसाळ्यापर्यंत नेतं. फार तर दोन-तीन वाईट वर्षं निभावून नेतं. पाऊस शंभर-दोनशे वर्षं हटला तर? पूर्वी तसं झालंय.

[दृश्य : गुहेतला अंधार, टॉर्चच्या उजेडात लवणस्तंभ.]

याचा सर्वात नावाजलेला साक्षीदार सापडला तो सोहराजवळ, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीजवळ. जगातला सगळ्यात जास्त पाऊस झेलणाऱ्या टापूत कोरडेपणाचा पुरावा मिळावा, ही गंमतच. मॉमलुह नावाच्या गुहेत छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर साचत हजारो वर्षं लवणस्तंभ वाढत गेले. युरेनियम आणि थोरियमवरून थराचं वय काढतात. पावसाचा जोर कळतो तो ऑक्सिजनवरून: मान्सून भरात असेल तर थरातला जड ऑक्सिजन कमी, मान्सून क्षीण असेल तर जास्त. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या थरांत हा जड ऑक्सिजन वाढलेला दिसतो. २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांनी तिथपासून आजपर्यंतच्या काळाला ‘मेघालयन’ असं नाव दिलं, ते या गुहेतल्या एका लवणस्तंभावरून.

त्याच सुमारास इजिप्तचं जुनं राज्य ढासळलं, मेसोपोटेमियातलं अक्कडचं साम्राज्य मोडलं. सगळं खापर पावसावर फोडणं सोयीचं आहे, पण राजकारण तेव्हाही होतंच. थरच्या वाळवंटातलं लूणकरणसरचं सरोवर तर सिंधू संस्कृतीची मोठी नगरं भरभराटीला येण्याच्या आधीच आटलं होतं. म्हणजे कोरड्या काळातही नगरं वाढली. कशी, ते कच्छमध्ये जाऊन बघूया.

[दृश्य : धोलावीरा. पांढरं रण, मग दगडी पायऱ्या.]

खदीर बेटावरचं धोलावीरा, सिंधू संस्कृतीचं एक मोठं नगर. उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर, दोन्ही पावसाळी ओढे, एरवी वाळू. या लोकांनी ओढ्यांवर बांध घातले, पाणी वळवलं आणि गावाभोवती मोठमोठे हौद खोदून, बांधून त्यात भरलं. पूर्वेकडचा हौद सत्तर मीटरहून लांब आणि सुमारे दहा मीटर खोल आहे. पाणी खाली जाईल तसं माणसानं खाली उतरायचं, म्हणून त्याला पायऱ्या. बालेकिल्ल्यातल्या विहिरीपाशी दगडाची कड नीट बघा. दोर घासून घासून पडलेल्या खाचा आहेत त्या. पाणी शेंदणाऱ्या किती हातांनी मिळून त्या पाडल्या असतील!

एवढं करूनही नगर टिकलं नाही. हळूहळू आकसलं, काही काळ ओस पडलं. नंतर जे राहायला आले, त्यांनी आखीव घरांच्या जागी गोल झोपड्या बांधल्या. या गोल झोपड्या लक्षात ठेवा, त्या पुन्हा भेटणार आहेत. सौराष्ट्रात रोजडीला मात्र लोक नाचणीसारख्या भरडधान्यांवर निभावत राहिले. पाणी कमी तर पीकही कमी पाण्याचं.

[दृश्य : सहारा, तासिली नाज्जेरमधली शैलचित्रं.]

आता थोडं लांब. अल्जीरियाच्या वाळवंटात खडकांवर चितारलेले हे गुरांचे कळप, हे जिराफ. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारात गवत होतं, तळी होती. चाड सरोवर तेव्हा साधारण साडेतीन लाख चौरस किलोमीटरवर पसरलं होतं, म्हणजे आजच्या महाराष्ट्राहून मोठं. कारण आकाशातलं. फिरता भोवरा जसा मान हलवतो तसा पृथ्वीचा आसही डुलतो, आणि त्या काळात उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात जास्त ऊन मिळत होतं. जमीन जास्त तापली, मान्सून उत्तरेकडे आत शिरला. आस पुढे सरकला, पाऊस मागे हटला. सहारातले गुराखी पाण्यामागे निघाले, काही नाईलच्या काठाला लागले.

त्या आणि त्याहून जुन्या ओल्या काळांत मुरलेलं पाणी इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड यांच्याखाली वालुकाश्मात अजून आहे. लिबियानं ते उपसून शेकडो किलोमीटर लांब नळांनी किनाऱ्यावरच्या शहरांना दिलं. वरून नवं पाणी जवळजवळ मुरत नाही. उपसलं तेवढं गेलं.

[दृश्य : घोड नदी, शिरूर तालुका.]

आणि महाराष्ट्र? छत्तीसगडमधल्या दंडक गुहेतल्या लवणस्तंभात चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या क्षीण पावसाची नोंद आहे. आपला बारा वर्षांचा दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासूनचा, म्हणजे त्याच काळातला. पण त्याहून जुनी आणि मला जास्त बोलकी वाटणारी गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची आहे.

डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पंधराएक वर्षं इथं उत्खनन केलं. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० एवढा काळ या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, दबलेला होता. सुरुवातीचे लोक शेतकरी. सातू हे मुख्य पीक. घोड नदीचं पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घालून पाट खोदला होता. ऐसपैस चौकोनी घरं, धान्याच्या कणग्या, एक पाच खोल्यांचं मोठं घर आणि त्याला लागून कोठार.

इसवी सनपूर्व १००० च्या आगेमागे चित्र पालटतं. वरच्या थरात चौकोनी घरं नाहीशी होतात आणि लहान, गोल झोपड्या येतात. शेती आक्रसते, शिकारीवरचा आणि शेळ्या-मेंढ्यांवरचा भर वाढतो. पाऊस कमी झाला म्हणून शेतकरी अर्धे-भटके पशुपालक झाले, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. त्यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. हवा तितकी बदललीच नव्हती, पिकं काढून काढून जमीन दमली असावी, असंही काहींचं म्हणणं आहे. मला दोन्हींत फार विरोध दिसत नाही. दमलेल्या जमिनीला दोन वर्षं पाऊस कमी झाला तरी पुरतं.

गोल झोपडी उभारायला सोपी, सोडून जायलाही सोपी. धोलावीरा आणि इनामगाव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मधे कैक शतकं आहेत. तरी शेवटी दोन्हीकडे घराचा आकार तोच झाला.

[दृश्य : कर्जत-पेणच्या बाजूला रस्त्यालगत मेंढरांचा कळप.]

माण, फलटणकडचे धनगर आजही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात. त्यांचं नातं इनामगावशी थेट जोडायचा मोह आवरायला हवा, पुरावा नाही. पण रीत बघण्यासारखी आहे. वर माळावर चारा-पाणी संपत आलेलं असतं, खाली कोकणात भात कापून शेतं मोकळी झालेली असतात. शेतकरी कळप रात्री आपल्या शेतात बसवून घेतो. लेंड्यांचं खत मिळतं, त्याच्या बदल्यात धनगराला भात किंवा पैसे. मुंबईहून सुट्टीला निघालेल्या गाड्या या कळपापाशी अडतात, हॉर्न वाजवतात. मेंढरं आपल्या चालीनं जातात. जून लागायच्या आत ती पुन्हा घाट चढलेली असतात, कारण कोकणातला पाऊस त्यांना मानवत नाही.