आईला ‘तुम्ही’ म्हणणारं यंत्र

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘कृत्रिम बुद्धिमत्ता : कलाक्षेत्रावरील संकट?’ असा छापलाय. ते प्रश्नचिन्ह कार्यवाहांचं आहे, मी फोनवर सांगितलं तेव्हा ते नव्हतं. असो. मी डबिंग करते. आवाज देते आणि संवादही लिहिते. तीस वर्षं झाली. त्यामुळे बोलायचं ते तेवढ्यावरच. चित्रकारांचं दुखणं चित्रकारांनी सांगावं.

डबिंगमध्ये शिरायचं दार म्हणजे गर्दी. सिनेमात बाजार असतो, लग्न असतं, मोर्चा असतो. मूळ सिनेमातली माणसं तमिळमध्ये ओरडत असतात, त्यांना मराठीत ओरडायला लावायचं. त्यासाठी चार-पाच नवखी पोरं एका माइकभोवती उभी करतात. माझ्या आयुष्यातला पहिला संवाद होता, ‘अहो, बाजूला व्हा, बाजूला व्हा!’ अर्धा दिवस तेवढंच. मग मी भाजीवाली झाले, मग हवालदाराची बायको, मग नुसती किंकाळी. पाच जणांत अख्खी जत्रा. पैसे म्हणाल तर बसभाडं आणि वडापाव सुटून थोडे हातात उरायचे. पण मधल्या वेळात कोपऱ्यात बसायला मिळायचं. काचेपलीकडे मोठी माणसं काम करत असायची. ती श्वास कुठे घेतात, रडता रडता शब्द कसा सांडू देत नाहीत, हे आम्ही डोळे फाडून बघायचो. शिकवत कुणी नव्हतं. याला आपल्याकडे उमेदवारी म्हणतात.

गेल्या वर्षी मी ज्या दोन कामांवर होते, तिथे गर्दीसाठी कुणालाच बोलावलं नाही. गर्दी यंत्राने केली. चांगली केली, खोटं कशाला बोलू? जत्रा जत्रेसारखी वाटली. कोपऱ्यातली खुर्ची मात्र रिकामी होती.

आता लिहिण्याचं सांगते. डबिंगचा संवाद लिहिताना अर्थ सांभाळावा लागतो, लांबी सांभाळावी लागते आणि ओठ सांभाळावे लागतात. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरचा नट इंग्रजीत ‘मेबी’ म्हणतो तेव्हा त्याचे ओठ दोनदा मिटतात. त्याचं सरळ मराठी ‘कदाचित’. म्हणून बघा बरं सगळ्यांनी... एकदाही मिटले नाहीत ना? ‘बहुतेक’ म्हटलं तर एकदाच मिटतात. पडद्यावर तोंड मिटलेलं आणि आवाज उघडा, असं झालं की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खटकतं. त्या एका शब्दावर मी एकदा संध्याकाळ घालवली आणि शेवटी लिहिलं, ‘बघू, बघू.’ दोनदा मिटले. शिवाय आपल्याकडे नाही म्हणायची रीत तीच आहे.

या करामतीचा मला अभिमान होता. आता पडद्यावरचे ओठच बदलता येतात. तुम्ही खुशाल ‘कदाचित’ लिहा, नटाचं तोंड ‘कदाचित’सारखं हलेल. मी जन्मभर ओठांना शब्द शोधले, आता शब्दाला ओठ मिळतात.

मग यंत्राला काय येत नाही? मध्यंतरी माझ्याकडे यंत्राने केलेला मसुदा तपासायला आला. इंग्रजी मालिका होती. मुलगी फोनवर आईला विचारते, ‘आई, तुम्ही जेवलात का?’ व्याकरण चोख. पण मराठी कानाला ती मुलगी राहिलीच नाही, सून झाली. आपल्या घरात आई ‘तू’ असते, ‘अहो आई’ म्हणजे सासू. बाबांना पूर्वी सगळेच ‘अहो बाबा’ म्हणायचे, आता पुष्कळ घरांत बाबाही ‘तू’ झालेत. ते कुठल्या घरात झाले आणि कुठल्या घरात अजून व्हायचेत, हे संवादातल्या इतर वाक्यांवरून ओळखावं लागतं. त्याच मसुद्यात पुढे होतं, ‘मी तुमची मदत करू का?’ ही हिंदी झाली. मराठीत ‘तुम्हाला मदत करू का’.

तुम्ही हसलात. मीही हसले होते. पण या चुकांवर आपल्या नोकऱ्या टांगून ठेवू नका. ‘शिक्षा’ या हिंदी शब्दाचं मराठीतही शिक्षाच करून टाकणारं यंत्र आठवतंय ना? प्रत्येक मुलाला शिक्षा मिळालीच पाहिजे, वगैरे? व्हॉट्सअॅपवर फिरायचं. आता ती चूक होत नाही. उद्या आईसुद्धा ‘तू’ होईल.

माझं म्हणणं आहे की यंत्र पुरतं काम नेत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवायचे. उलटी अक्षरं बोटांनी ओळखायचे, वर वेलांट्या-मात्रांचे निराळे खण. संगणकावर पानं लागू लागली तेव्हा जुळारी गेले. पुढे कितीतरी वर्तमानपत्रांत मुद्रितशोधकही गेले. शुद्धलेखन तपासायचं काम मात्र कुठे गेलं नाही, ते उपसंपादकाच्या डोक्यावर आलं, त्याच पगारात. आज माझं तेच होतंय. ‘ताई, मसुदा तयारच आहे, फक्त एक नजर टाका.’ नजर टाकायचे पैसे लिहिण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि वेळ जवळजवळ तेवढाच, कारण यंत्राचं वाक्य एकदा डोळ्यांखालून गेलं की आपलं सुचायला त्रास होतो. ही तक्रार मला गेलेल्या-राहिलेल्या नोकऱ्यांच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, कारण हिशेबात माझं काम ‘टिकलेलं’ आहे.

आता मराठीपुरती एक गोष्ट, जी मला सर्वात जास्त छळते. तीस वर्षं आम्हाला एकच उत्तर मिळायचं : मराठीत डबिंग परवडत नाही, मराठी माणसाला हिंदी कळतं. आता खर्च एवढा खाली येतोय की तो युक्तिवाद संपला. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने मे २०२४मध्ये ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे दोन यंत्रनिर्मित निवेदक आणले तेव्हा ते ५० भाषा बोलतात असं जाहीर केलं होतं. म्हणजे जे आम्ही मागत होतो ते मिळणार. मराठी सगळीकडे ऐकू येणार. फक्त ती बोलायला मराठी माणूस लागणार नाही. यावर आनंद मानायचा की कसं, माझं अजून ठरलेलं नाही. माझ्या गावाकडच्या मावशीला एखादा परदेशी माहितीपट तिच्या भाषेत मिळाला तर मी कोण अडवणारी?

अमेरिकेचं थोडक्यात सांगते, कारण ते पेपरात आलंय. हॉलिवूडचे लेखक २ मे २०२३ला संपावर गेले, १४८ दिवस बसले. जुलैत नटही उतरले, त्यांचा संप ११८ दिवस चालला. लेखकांनी पदरात पाडून घेतलं ते असं, की यंत्राला लेखक मानायचं नाही आणि यंत्राचा मजकूर लेखकाच्या हाती देताना तसं सांगायचं. नटांनी चेहऱ्या-आवाजाच्या नकलेसाठी संमती आणि मोबदला मिळवला. यंत्रावर सरसकट बंदी आली नाही, हे लक्षात घ्या. आणि हे जमलं ते संघटना होती म्हणून. आम्हाला कामाचा निरोप व्हॉट्सअॅपवर येतो, ‘उद्या १२ वाजता, जमेल का?’ यात संप कुणाविरुद्ध करणार?

आपल्याकडे लोक कोर्टात गेले. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. २०२५मध्ये आशाताईंनाही तिथेच असं संरक्षण मिळालं. ए. आर. रहमान यांनी २०२४च्या सुरुवातीला दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने वापरले, तेव्हा त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतल्याचं आणि मोबदला दिल्याचं सांगितलं. हे सगळं चांगलंच आहे. पण या निकालांच्या मुळाशी काय आहे? आवाज ओळखू येतो, त्याला नाव आहे, त्या नावाला बाजारात किंमत आहे. आता ती ‘बाजूला व्हा’ म्हणणारी बाई घ्या. तिचा आवाज कुणाला ओळखू येऊ नये, हेच तर तिचं कसब. ती कोर्टात काय दाखवणार?

पंधरा दिवसांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. आवाज छान, थोडा खरबरीत. म्हणाली, ‘ताई, पहिलं काम मिळालंय, तीन तास नुसती वाक्यं वाचायची आहेत.’ कसली वाक्यं? कसलीही. बातमी, गोष्ट, हवामान, रागावून, हसून. मग तिने करार काढला. आठ पानं, इंग्रजीत. चष्मा लावून वाचायला बसले. पाचव्या पानावर लिहिलं होतं की हे ध्वनिमुद्रण आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या कुठल्याही तंत्रज्ञानासाठी, कायमचं, संपूर्ण विश्वात वापरता येईल. विश्वात हं. मंगळावर जत्रा भरली तरी गर्दी हीच करणार, आणि मोबदला तीन तासांचा.

मी तिला म्हटलं, पेन घे, एवढं कलम खोड, सही कर आणि पाठव. ती बिचकली, मग खोडलं. आम्ही चहा घेतला. जाताना म्हणाली, ‘ताई, त्यांनी दुसरं कुणी घेतलं तर?’

परवा मीच तिला फोन केला. तिकडून अजून काही आलेलं नाही.